आंबवणीचे पाणी: बीड जिल्ह्यातील टोमॅटो-लागणीचा इतिहास

बीड जिल्ह्यातील बागायती शेतीचा इतिहास बहुधा विहिरी, धरणे आणि दुष्काळ यांच्या अंगाने लिहिला जातो, आणि रोप वाफ्यातून उपटून शेतात लावल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. टोमॅटोसारख्या पिकाचे भवितव्य मात्र पुष्कळदा याच दिवसांत ठरते. रोप उपटताना त्याची केशमुळे, म्हणजे पाणी शोषून घेणारी अतिसूक्ष्म मुळे, तुटतात. पानांतून पाण्याची वाफ होणे मात्र थांबत नाही, आणि नवी मुळे फुटून ही तूट भरून निघेपर्यंत रोप मान टाकून उभे असते. ही तूट कोणी, कोणत्या पाण्याने आणि कोणाच्या श्रमाने भरून काढायची, या प्रश्नाची उत्तरे जिल्ह्यात काळानुसार बदलत गेली.

बालाघाटच्या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यात, म्हणजे गेवराई आणि माजलगाव परिसरात, भारी काळी जमीन आहे, तर पाटोदा आणि आष्टीकडील माथ्यावर हलकी, मुरमाड जमीन अधिक आढळते. मुरमाड जमिनीत नवे रोप तहानेने मरते, काळ्या जमिनीत ते पाणी साचून सडते. त्यामुळे एकच सल्ला साऱ्या जिल्ह्याला कधीच लागू पडला नाही. बारमाही पाण्याची खात्री फार थोड्या ठिकाणी होती. बीड शहरालगतची खजाना विहीर हे त्यांतील नामवंत उदाहरण होय. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत बांधलेल्या या विहिरीचे पाणी भुयारी कालव्यातून केवळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत पोहोचते. अन्यत्र मात्र मोट, म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पखाल, हेच साधन होते, आणि मोटेच्या पाण्याला मर्यादा असल्याने भाजीचा मळा लहान व घराजवळच राहिला.

या मळ्यात वांगी आणि मिरची लावण्याची रीत टोमॅटोच्या आधीपासून रुळलेली होती. टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत भारतात आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही त्याची लागवड मुख्यतः युरोपीय रहिवाशांसाठी होत असे. पुढे तो गावोगावच्या मळ्यांत शिरला तेव्हा वांग्याच्या कुळातलाच असल्यामुळे त्याला वांग्याचीच रीत लागू झाली. दिवस कलल्यावर लागण करायची. वाफा आधी भिजवून रोप मुळांशी मातीसह काढायचे. लावल्याबरोबर पाणी द्यायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे मूळ धरण्यासाठीचे हलके पाणी, आणि त्यानंतर चिंबवणी, म्हणजे पुढची पाळी, द्यायची. आणि जेथे रोप मेले तेथे नांगे भरायचे, म्हणजे रिकाम्या जागी दुसरे रोप लावायचे. उन्हाचा कडाका असेल तर डहाळ्यांचा आडोसा केला जाई. टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटत असल्याने ते वांग्यापेक्षा किंचित खोल लावता येते, हा त्याचा स्वतंत्र गुण होय. भारी जमिनीत मात्र खोल लागण आणि भरपूर पाणी एकत्र आले की तोच गुण घातक ठरतो.

या जुन्या रीतीमागे एक हिशेब दडलेला होता, तो म्हणजे बियाणे स्वस्त होते. ‘पुसा रुबी’सारख्या सरळ वाणांचे बी शेतकरी घरीच धरू शकत असे; हेक्टरी 400 ते 500 ग्रॅम बी वाफ्यात टाकले की रोपे गरजेपेक्षा जास्त होत आणि मरतुकीचे फारसे दुःख नसे. संकरित बियाण्याने हा हिशेब उलटवला. बीडच्या शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिकोची स्थापना केली, पुढे 1970 च्या दशकात देशात टोमॅटोचे संकरित वाण बाजारात आले, आणि परभणीत 1972 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर मराठवाड्याला स्वतःचे संशोधनकेंद्र मिळाले. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते आणि हेक्टरी 125 ते 150 ग्रॅमच वापरले जाते, त्यामुळे मेलेल्या प्रत्येक रोपाची किंमत शेतकऱ्याला कळू लागली. सपाट वाफ्याऐवजी गादीवाफा, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर उंचीचा, पाण्याचा निचरा होणारा वाफा, आणि त्यावर पांढऱ्या माशीला अडवणारी नायलॉनची जाळी यांचे महत्त्व वाढले ते याच कारणाने; पांढरी माशी पर्णगुच्छ या विषाणुजन्य रोगाचा प्रसार करते, आणि कोवळ्या वयात तो लागला तर झाडाला फळ जवळजवळ धरतच नाही.

त्यानंतरचा टप्पा ठिबक सिंचन आणि प्लॅस्टिकच्या ट्रेचा. नारळाच्या काथ्याच्या भुश्याने, म्हणजे कोकोपिटने, भरलेल्या कप्प्यांत रोप वाढवले की ते मुळांच्या गड्ड्यासह निघते, केशमुळे फारशी तुटत नाहीत आणि रोप लवकर सावरते. परंतु कोकोपिटचा गड्डा भोवतालच्या काळ्या मातीपेक्षा लवकर सुकतो. तो मातीने पुरता झाकला नाही किंवा ठिबकचे पाणी नेमके बुडाशी पडले नाही, तर चारी बाजूंनी ओल असूनही रोप तहानलेले राहते. लागणीपूर्वी तीन-चार दिवस पाणी कमी करून रोप कणखर करण्याचे काम रोपवाटिकेकडे गेले, आणि विक्रीची घाई असेल तेथे नेमके तेच टाळले जाऊ लागले. ट्रेमुळे नुकसान घटले हे खरे, पण रोपे जगवण्याची जबाबदारी दोन हातांत विभागली गेली आणि तिची सीमारेषा कोणीच आखली नाही.

महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली, ती भाजीपाल्याची निरोगी रोपे तालुक्यातच मिळावीत म्हणून. त्याच वर्षी पश्चिम महाराष्ट्रातील टोमॅटोवर विषाणूंचे मोठे संकट आले होते, हे लक्षात घेता योजना रास्तच म्हटली पाहिजे. बीडपुरता मात्र आणखी एक प्रश्न उरतो. रब्बी टोमॅटोची लागण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आंबवणी, नांगे भरणे, पहिली खुरपणी ही कामे नेमक्या त्याच आठवड्यांत येतात. रोपवाटिकेच्या दारापर्यंत अनुदान पोहोचले. तेथून पुढचे आठ-दहा दिवस आजही घरात मागे राहिलेल्या माणसांच्या, मुख्यतः बायकांच्या आणि वृद्धांच्या, हातात आहेत.