मीठ, मिश्री आणि वारं
१९७२च्या दुष्काळात आमच्या माणदेशात भाजीचा पाला दिसेना. भाकरीबरोबर खर्डा, नाहीतर नुसतं मीठ-मिरची. दुष्काळ सरला, मोट जाऊन मोटर आली, घाम कमी झाला, मीठ तेवढंच. ताटाच्या कडेला चिमूट हवीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत म्हणते. आमच्या खर्ड्याला कोण सांगणार! बायांना भूक मारायला मिश्री होतीच. भाजलेली असली तरी तंबाखूच ती. थोरल्या चुलतीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरच्यांनी भगत बोलावला. तिचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. पुढं उपकेंद्रात मशीन आलं. "राबणाऱ्याला कसलं बीपी?" म्हणत माणसं फिरकत नसत. आई मात्र गेली. वरचं १६० निघालं. गोळी सुरू झाली. मिश्रीची डबी कनवटीला तशीच.