वसतिगृहांचा वारसा आणि बेघर विद्यार्थी

‘विहार’ या शब्दाचा मूळ अर्थ राहण्याची जागा असा आहे. आज आपण विहार म्हटलं की बुद्धमूर्ती, वंदना आणि पौर्णिमेचा कार्यक्रम एवढंच डोळ्यांसमोर आणतो. परंतु विनयपिटकात येणारी हकिकत वेगळी आहे. सुरुवातीच्या काळात भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, गवताच्या गंजीपाशी रात्र काढीत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिले, भगवंतांची अनुज्ञा मिळवली आणि साठ निवासस्थाने बांधून दिली. पुढे नालंदा विद्यापीठाची कीर्ती देशोदेशी पसरली. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्रासाठी राजाने सुमारे शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते, अशी नोंद ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाच्या चरित्रात आहे. म्हणजे आपल्या परंपरेत आधी निवाऱ्याची आणि भोजनाची सोय झाली, मग विद्या बहरली. वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत हा इतिहास पुन्हा सांगावा असे आम्हांला वाटते, कारण ज्याला घर नाही अशा मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न अजून संपलेला नाही.

इंग्रजी अमदानीत शाळा निघाल्या. १८५२ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. पण शाळेचे दार उघडले म्हणजे सगळे झाले असे नाही. १८७७ च्या दुष्काळात पोरं अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा सत्यशोधक समाजाने धनकवडीला बालाश्रम उघडला. खेड्यातल्या मुलाची अडचण तर आणखी वेगळी. वरची शाळा तालुक्याला किंवा जिल्ह्याला. तिथे उतरायचं कुठं? ब्राह्मण विद्यार्थ्यांना माधुकरी होती, वार लावून जेवता येत होते, ओळखीच्या घरी पडवी मिळत होती. आमच्या पोराला शहरात ना वार, ना पडवी, ना धर्मशाळा. डोक्यावर छप्पर नाही म्हणून हुशार मुलं गावी परत जात आणि बापाच्या मागे बलुत्याच्या कामाला लागत.

ही अडचण राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला एक शाळकरी मुलगा गेला होता. परत आल्यावर विटाळ म्हणून आंघोळ करायला तो तयार झाला नाही, तेव्हा तो राहत होता त्या वसतिगृहातून त्याला काढून टाकण्यात आले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. तो मुलगा म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसवणारे वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा विकले.

परमपूज्य बाबासाहेबांना जागेचे दुःख कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळा संसार. त्याच खोलीत चूल, तिथेच सरपण, उशाशी जातं आणि पायाशी शेळी. रामजीबाबा भिवाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता उठवीत, कारण त्या वेळी घरात वाचण्यापुरती शांतता असे. घरी बसायला जागा नाही म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींची नजर त्याच्यावर पडली. १९०७ साली मॅट्रिक पास झाल्याबद्दल सत्कार झाला तेव्हा गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

पुढे कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हाच माणूस १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तर त्याला राहायला खोली मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्याच दिवशी जागा सोडावी लागली. एवढा मोठा विद्वान कमाटी बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. तेव्हा शिक्षणाने सगळं मिळतं असं म्हणणाऱ्यांनी बडोद्याचा हा प्रसंग विसरून चालणार नाही.

म्हणूनच बाबासाहेबांच्या पहिल्या कामांत वसतिगृह दिसते. १९२४ च्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झालेसुद्धा. हायस्कुलात जाणाऱ्या मुलांचे राहणे, जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. १९२८ साली दलितवर्ग शिक्षण संस्था निघाली आणि सरकारी मदतीने आणखी वसतिगृहे चालू झाली. ही मदत अपुरी पडे. मग बाबासाहेबांनी निरनिराळ्या समाजांतल्या दानशूरांकडे देणग्या मागितल्या. पोरांचं ताट रिकामं राहता कामा नये, हा त्यांचा आग्रह.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज लष्कराच्या बराकींत सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. १९५० साली औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या वसतिगृहांत मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून ट्रंक आणि वळकटी घेऊन मुलं आली आणि शिक्षक, वकील, अधिकारी, लेखक होऊन बाहेर पडली. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाने तर १९७२ च्या दलित पँथरला माणसं दिली. एका खोलीत चौघं राहिली, भांडली, वाचत बसली, त्यातून चळवळ उभी राहिली.

हा झाला इतिहास. आता आजूबाजूला बघू या. मुंबईच्या पदपथावरची झोपडी पाडायची तर राहणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार करावा लागेल, कारण जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सांगितले. पण झोपडी उठली की मुलाची शाळा तुटते, दप्तर हरवते, दाखला भिजतो. उसतोडीला, वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्यांच्या मुलांचे हेच होते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वर्ष सुरू झाल्यावर आला तरी त्याला घ्यावेच लागते. हा कायदा पालकांना ठाऊक नसतो, म्हणून ते कचेरीच्या दारातूनच मागे फिरतात. ठाण्याला तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या मुलांसाठी २०१६ साली पुलाखालीच सिग्नल शाळा भरू लागली. मुलगा शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्यापर्यंत जावे, हे तिथे करून दाखवले गेले.

कॉलेजात जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे, पण दुःख तेच. सरकारी वसतिगृहात नंबर लागत नाही आणि आडनाव ऐकून खोली ‘आत्ताच दिली’ असे उत्तर मिळते. बडोदा अजून संपलेले नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले. जेवण आणि खोलीभाड्यासाठी ही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हायची. पण अर्ज वेळेत कोणी भरायचा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी धावायचे?

धम्मबांधव आणि भगिनींनो, इथेच आपल्या विहाराचे काम येते. यासाठी नालंदेसारखी शंभर गावे लागत नाहीत. वंदना झाल्यावर आपला हॉल कुलूपबंद असतो. तो रात्री सात ते दहा अभ्यासासाठी उघडा ठेवता येईल. दिवाबत्तीचा खर्च महिन्याच्या वर्गणीतून निघेल. ज्यांचे घर पाऊस आला की बदलते अशा मुलांचे दाखले, गुणपत्रिका ठेवायला एक लोखंडी कपाट पुरे. शाळेत नाव घालायला जाणाऱ्या आईबरोबर आपल्यातला एक शिकलेला माणूस गेला तरी कायदा तिच्या बाजूने बोलू लागेल. मुलींना संध्याकाळी घरी सोडायला महिला मंडळाच्या दोघी पुढे आल्या तर मुलीही अभ्यासिकेत बसतील.

सोलापूरच्या त्या वसतिगृहात मुलं थोडीच होती. बाबासाहेबांनी संख्या बघितली नाही, सुरुवात केली. आपल्याकडे हॉल आहे, दिवा आहे, शिकलेली माणसंही आहेत. या वर्षी दहा मुलांपासून सुरुवात करू या.

जय भीम!