घाटातली परीक्षा

शाकेनची तारीख जवळ आली, की खर्चाच्या धास्तीने पोटात गोळा येतो ना? मोटारीची अशीच परीक्षा १९०८ साली आपल्या घाटांनी घेतली होती.

मुंबई-कोल्हापूर चाचणीत रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ सहा घाटांसह ६२० मैल धावली. बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेतली.

आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये या कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ची १५,००० मैलांची चाचणी झाली. ६२९ मैलांवर गाडी अडली. इंजिन ठणठणीत होतं. धक्क्यांनी पेट्रोलची तोटी बंद झाली होती! ती उघडताच गाडी निघाली. तरीही शेवटी परीक्षकांनी तिचे भाग सुटे करून झीज तपासलीच.

गाडी चालतेय म्हणजे धड आहे, असं नसतं. शाकेनचे पैसे भरताना एवढं आठवा, मंडळी!