स्वयंपाकही त्यांचाच, तिकीटही त्यांचेच : अमेरिकेतील कृष्णवर्णीय पालकांनी उभारलेल्या शाळा

१/ सन १८८१. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातले टस्कीगी हे लहानसे गाव. नव्यानेच निघालेल्या एका शाळेत सत्तरीच्या घरातील एक वृद्धा काठी टेकत आली. अंगावर फाटके पण स्वच्छ कपडे. आयुष्याची उमेदीची वर्षे तिने गुलामगिरीत काढली होती. साठवून ठेवलेली सहा अंडी तिने तरुण मुख्याध्यापकाच्या हाती दिली. मुलामुलींच्या शिक्षणाला तिचा तेवढाच हातभार होता.

२/ तो मुख्याध्यापक म्हणजे बुकर टी. वॉशिंग्टन. पुढे त्यांना मोठमोठ्या देणग्या मिळाल्या. परंतु या सहा अंड्यांइतकी मनाला भिडलेली देणगी दुसरी नव्हती, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. त्या मुक्तीनंतर मुक्त झालेल्यांच्या मुलांना शाळा कोणी दिली? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

३/ टस्कीगीच्या शाळेसाठी एका जुन्या मळ्याची जमीन घ्यायची होती. किंमत ५०० डॉलर. त्यांपैकी २५० डॉलर उसने आणलेले. ते फेडण्यासाठी शिक्षिका ऑलिव्हिया डेव्हिडसन गावात घरोघर फिरल्या. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या घरांतून कोणी केक, कोणी कोंबडी, कोणी पाव देऊ केला. मग ‘सपर’ म्हणजे सार्वजनिक भोजनाचे कार्यक्रम भरवून ते पदार्थ विकण्यात आले. तीन महिन्यांत उसनवारी फिटली आणि आणखी दोन महिन्यांत संपूर्ण ५०० डॉलर उभे राहिले.

४/ अशी भोजने ही ग्रामीण अमेरिकेतील रूढ प्रथा होती. तिचा एक प्रकार ‘बॉक्स सपर’. स्त्रिया दोघांना पुरेल एवढे जेवण सजवलेल्या खोक्यात भरून आणत. खोक्यांचा लिलाव होई आणि बोली जिंकणारा ते खोके आणणारीच्या पंक्तीला बसून जेवे. मिळालेला पैसा शाळेला किंवा चर्चला जाई. वरवर पाहता गंमत, हास्यविनोद. आतून मात्र हिशोब कठोर होता : रांधणारे आणि विकत घेणारे एकाच वस्तीतले. ज्या घराने कोंबडी दिली, त्याच घराने बोलीचे पैसेही मोजायचे.

५/ शाळेसाठी हा खटाटोप का करावा लागे? हे लोक कर भरत नव्हते काय? भरत होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला. शाळा मंडळे गोऱ्यांच्या हाती राहिली आणि कराचा पैसा प्रामुख्याने गोऱ्या मुलांच्या शाळांकडे वळला. कृष्णवर्णीय मुलांचे वर्ग अनेक ठिकाणी चर्चमध्ये किंवा मोडक्या खोपटात भरत. म्हणून पालकांनी एकदा सरकारला कर द्यायचा आणि पुन्हा स्वतःच्या शाळेसाठी वर्गणी काढायची. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला ‘दुहेरी कर’ म्हटले आहे.

६/ १९११ साली वॉशिंग्टन यांची शिकागोत ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्याशी भेट झाली. टपालाने माल विकणाऱ्या ‘सिअर्स, रोबक’ या प्रचंड कंपनीचे ते अध्यक्ष. पुढच्या वर्षी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यांतील शिल्लक रकमेतून खेड्यांत सहा लहान शाळा बांधाव्यात, असे वॉशिंग्टन यांनी सुचवले. रोझेनवाल्ड यांची अट एकच : सगळा पैसा मी देणार नाही, गावानेही आपला वाटा उचलला पाहिजे.

७/ त्या सहांपैकी लोचापोका येथील शाळा १९१३ साली उभी राहिली. तिचा जमाखर्च वाचण्याजोगा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यांत रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर, स्थानिक गोऱ्या रहिवाशांचे ३६०, कृष्णवर्णीय रहिवाशांनी रोख जमवलेले १५०, आणि उरलेले १३२ डॉलर ५० सेंट म्हणजे त्यांच्या श्रमाचे मोल.

८/ शेवटचा आकडा या हिशोबातील सर्वांत महत्त्वाचा. एरवी स्वयंसेवकाचा घाम वहीत नोंदला जात नाही. येथे कुदळ, करवत आणि हातोडा चालवणाऱ्यांचे दिवस डॉलरांत मोजून ‘जमा’ बाजूला मांडले गेले. ज्याच्याकडे रोख नव्हती, तोही देणगीदार ठरला. पुढे जमीन आणि लाकूड यांनाही हाच न्याय लागू झाला.

९/ १९१७ साली ‘रोझेनवाल्ड फंड’ स्थापन झाला आणि योजना दक्षिणेत दूरवर पसरली. गावाचा वाटा उभा करण्यासाठी लोकांनी भोजने आणि करमणुकीचे कार्यक्रम केले, शाळेच्या नावाने कोंबड्या पाळल्या, कापसाचा एखादा पट्टा शाळेसाठी राखून कसला. अलाबामातील एका सभेत गुलामगिरी पाहिलेल्या एका वृद्धाने जुनाट पिशवी टेबलावर रिती केली. आयुष्यभराची ती कमाई ३८ डॉलर भरली. नातवंडांच्या मुलांना संधी मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती.

१०/ १९३२ साली ही योजना थांबली, तेव्हा १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या होत्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यांत रोझेनवाल्ड यांच्याकडून सुमारे ४३ लाख, गोऱ्या देणगीदारांकडून १२ लाख आणि कृष्णवर्णीय समाजाकडून सुमारे ४७ लाख. उरलेला मोठा वाटा सरकारी करांचा, आणि त्या करांतही कृष्णवर्णीयांचा पैसा होताच. शाळांना नाव कोट्यधीशाचे लागले; परंतु त्याच्याहून अधिक रक्कम खंडाने शेती करणाऱ्या, धुणी धुणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या लोकांनी दिली होती.

११/ आणखी एक अट होती. बांधलेली शाळा आणि तिची जमीन सरकारी शाळा खात्याच्या नावे करून द्यावी लागे. हेतू असा की शिक्षकांचा पगार आणि देखभाल सरकारने पत्करावी. व्यवहारात याचा अर्थ असा झाला की, जी इमारत गोऱ्या मुलांसाठी सरकार बांधून देई, ती कृष्णवर्णीय पालक आपल्या खिशाला खार लावून बांधत आणि वर सरकारलाच अर्पण करत.

१२/ हे काम नेटाने चालवायला संघटना हवी होती. अमेरिकेतील पालक-शिक्षक संघाचे मूळ १८९७ साली वॉशिंग्टन शहरात भरलेल्या मातांच्या राष्ट्रीय अधिवेशनात आहे. दक्षिणेत मात्र पालकांचे संघही वर्णानुसार वेगळे राहिले. १९११ साली अटलांटातील यंग स्ट्रीट शाळेत सेलेना स्लोन बटलर यांनी कृष्णवर्णीय पालक-शिक्षकांचा संघ सुरू केला आणि १९२६ साली त्याला राष्ट्रीय रूप दिले. दोन्ही राष्ट्रीय संघ एक व्हायला १९७० साल उजाडावे लागले.

१३/ आता अवघड प्रश्न. हा स्वावलंबनाचा गौरवशाली इतिहास की अन्यायाचा? दोन्ही. लोकांनी भोजनाची तिकिटे घेतली नसती, तर एका पिढीला शाळाच मिळाली नसती. परंतु प्रत्येक तिकिटागणिक सत्ताधाऱ्यांची जबाबदारी थोडी हलकी होत होती. ‘हे लोक स्वतःचे स्वतः करतात’ ही प्रशंसा काही न देण्याची सबबही होऊ शकते.

१४/ ही सबब साउथ कॅरोलिनातील क्लॅरेंडन काउंटीत उघडी पडली. तेथे गोऱ्या मुलांना शाळेच्या बस होत्या. कृष्णवर्णीय मुले आठ-नऊ मैल चालत. पालकांनी पैसे जमवून जुनी बस घेतली आणि तिची दुरुस्तीही स्वतःच केली. काउंटीकडे त्यांनी मागितले ते केवळ इंधन. उत्तर नकाराचे आले. कारण काय, तर तुम्ही पुरेसा कर भरत नाही! लिव्हाय पिअरसन या शेतकऱ्याने १९४८ साली दावा लावला. तो तांत्रिक कारणावरून फेटाळला गेला.

१५/ पालक मागे हटले नाहीत. नव्या दाव्यात मागणी बसपुरती राहिली नाही. वेगळ्या शाळांच्या व्यवस्थेलाच आव्हान दिले गेले. ‘ब्रिग्ज विरुद्ध इलियट’ हा तो खटला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या हॅरी ब्रिग्ज यांची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने अन्य खटल्यांसह तो ऐकला आणि १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन’ निकालात सरकारी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

१६/ सहा अंड्यांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा हा प्रवास ७३ वर्षांचा. वर्गणी देता देता या पालकांनी जमाखर्च लिहायला शिकून घेतले, आणि वही नीट लिहिणाऱ्याला आपले येणे किती, हेही एक दिवस कळते. शाळेसाठी त्यांनी दिले ते दान होते. न्यायालयात त्यांनी मागितला तो हक्क होता.

(धागा समाप्त)