खानदेशी कापसावरील जकाती आणि उपकर

राज्यसत्तेला द्रव्य हवे असते आणि ते जेथे कमी श्रमात हाती येते तेथेच तिचा हात प्रथम पोहोचतो. कापूस शेतात असतो तेव्हा तो शेकडो गावांच्या हजारो वावरांत विखुरलेला असतो; तोच घाटाच्या अरुंद वाटेवर, नदीच्या उतारावर, जिनच्या फाटकात किंवा बंदराच्या धक्क्यावर एकत्र आला म्हणजे मोजता येतो, तोलता येतो आणि त्यावर आकारणीही करता येते. म्हणून वस्तूवरील कर उत्पादकाच्या दारापासून जितका दूर घेता येईल तितका दूर घेतला जातो. आणि तो असा दूर घेतला गेला म्हणजे आपला त्याच्याशी काही संबंध नाही असे उत्पादकाला वाटू लागते. हा समज किती फोल आहे याची साक्ष खानदेशच्या कापसाचा दीर्घ इतिहास देतो.

बऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगली सुभ्याची राजधानी होती. तेथून थाळनेर व नंदुरबारवरून सुरतेकडे जाणारा मार्ग सतराव्या शतकात पश्चिम भारतातील मोठ्या व्यापारी मार्गांपैकी एक होता. तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हा प्रवास केला आणि बऱ्हाणपुरी कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याची नोंद करून ठेवली. अशा मार्गावर राहदारी, म्हणजे वाटेवरून जाणाऱ्या मालावरील जकात, घेणे हा फौजदार, जहागीरदार आणि जमीनदार यांचा हक्कच मानला जाई. औरंगजेबाने आपल्या कारकीर्दीच्या आरंभी ही राहदारी माफ केली. परंतु बादशाही फर्मान निघूनही जहागीरदारांनी वसुली थांबवली नाही, असे इतिहासकार खाफीखान लिहितो. मराठी अमलात नाकी कायम राहिली आणि जकातीचा मक्ता इजाऱ्याने देण्याची चाल सर्रास झाली. मक्तेदाराला आपला इजारा ठरलेल्या मुदतीत भरून काढायचा असे, त्यामुळे पुढच्या वर्षी हा माल या वाटेने येईल की नाही याची फिकीर त्याला नसे. आणि जेथे जकात घेणाऱ्याचे हित एका हंगामापुरते असते तेथे ती जबर होते, हे वेगळे सांगावयास नको.

1818 मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले. वीस वर्षांनी, 1838 च्या पहिल्याच कायद्याने, मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती रद्द झाल्या आणि नाकी एकामागून एक उठली. पण वसुली थांबली नाही, तिने फक्त जागा बदलली. नाक्यावरून ती बंदरावर गेली. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली. त्याच दशकात लोहमार्ग तापीच्या खोऱ्यात उतरून भुसावळला पोहोचला. त्या काळी या परिसरातून जाणारी मोठी दौलत कापसाचीच होती. भाव चढला तशी भेसळही वाढली. गठाणीत सरकी, माती आणि पाणी मिसळण्यास आळा घालण्यासाठी 1863 मध्ये मुंबई सरकारने कापूस-भेसळीचा कायदा केला, निरीक्षकांचे खाते उभारले, आणि त्या खात्याचा खर्च कापसावरीलच शुल्कातून भागविला. भेसळ कोणी केली, जिनवाल्याने, व्यापाऱ्याने की शेतकऱ्याने, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. परंतु शुल्काचा भार वाटताना त्या वादाचा निकाल कोणी विचारला नाही.

हा भार उतरतो कसा, हे नीट पाहिले पाहिजे. कापसाचा भाव खानदेशात ठरत नसे. तो लिव्हरपूलला ठरे, पुढे काही अंशी ओसाकाला ठरू लागला. परदेशी गिऱ्हाईक जी किंमत देई तीतून जहाजाचे भाडे, विमा, बंदरावरील आकार आणि आपला नफा वजा करून निर्यातदार मुंबईच्या बाजारात बोली करी. त्या बोलीतून मुंबईचा दलाल आपली दलाली काढी. उरलेल्यातून जिन-प्रेसचा खर्च आणि रेल्वेचे भाडे वजा जाई. आणि या सर्वांच्या शेवटी अमळनेरच्या किंवा जळगावच्या बाजारात गाडी सोडून बसलेल्या शेतकऱ्याला जे उरे तो त्याचा भाव. साखळीतील प्रत्येकाला आपल्यावरील आकार मागच्या कडीवर ढकलता येई, कारण प्रत्येकाला थोडे थांबता येत असे. शेतकऱ्याच्या मागे मात्र कोणी नव्हते, आणि सरकारसाऱ्याचा हप्ता व सावकाराचा तगादा यांमुळे त्याला थांबण्याचीही सोय नव्हती. जो थांबू शकत नाही त्याच्याच भावातून दूरच्या बंदरावरील आकार वजा होतो, आणि तो वजा झाल्याची पावती त्याला कधीही मिळत नाही.

देशी कापडावरील अबकारीची गोष्टही अशीच होती. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या आग्रहावरून 1896 मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के कर बसविण्यात आला, आणि तो डिसेंबर 1925 मध्ये तहकूब होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे चालू राहिला. जळगावात मुळजी जेठा यांची गिरणी आणि अमळनेरात प्रतापशेटजींची प्रताप मिल अशा खानदेशी गिरण्या या कराच्या कक्षेत आल्या. या कराविरुद्ध सभा झाल्या, लेख लिहिले गेले. पण त्यांत बहुधा गिरणीचे आणि कामगाराचे दुःख मांडले गेले. गिरणी ही शेजारच्या कापसाची गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकावर बसलेला कर त्याच्या खरेदीच्या ताकदीतून कापला जातो, ही गोष्ट क्वचितच बोलली गेली.

याच्या अगदी उलट जातीचा आकार 1923 चा कापूस-उपकर होय. मध्यवर्ती कापूस समितीची स्थापना 1921 मध्ये झाली होती. तिच्या खर्चासाठी निर्यात होणाऱ्या आणि देशी गिरण्यांत खपणाऱ्या कापसावर चारशे पौंडांच्या गठाणीमागे पहिली तीन वर्षे चार आणे आणि नंतर दोन आणे असा हा उपकर बसला. तोही अखेर शेतकऱ्याच्याच भावातून जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याची रक्कम सामान्य खजिन्यात लुप्त न होता कापसाच्याच कामी लागली. माटुंग्याची तंत्र-प्रयोगशाळा आणि इंदूरची वनस्पती-संशोधन संस्था या तीतूनच पोसल्या गेल्या. खानदेशात अखूड धाग्याची, पण रुईचा उतारा भरपूर देणारी कपाशी बोकाळली होती. तिच्या जागी चांगला धागा आणि मर रोगाला तोंड देण्याची शक्ती आणण्यासाठी जळगावच्या संशोधन केंद्रात काम झाले आणि जरीला व विरनार ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. शिवाय समितीवर व्यापारी आणि गिरणीमालक यांच्यासोबत कापूस-उत्पादकांचेही प्रतिनिधी असत. ज्याच्या भावातून पैसा जातो त्याला हिशेबाच्या बैठकीत बसता येणे, हाही भेद या उपकराला जकातीपासून वेगळे काढतो.

बाजारातील आकार मात्र कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हते. अडत, हमाली, तोलाई, कडता, नमुना, धर्मादाय, पांजरापोळ अशी त्यांची माळ होती आणि व्यवहार रुमालाखाली बोटे धरून ठरत असल्यामुळे खरा भाव कोणता हे विक्रेत्यालाच ठाऊक नसे. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. वऱ्हाडात कारंजाचा बाजार 1886 पासूनच नियमबद्ध होता, आणि मुंबई सरकारने आपला कापूस-बाजार कायदा 1927 मध्ये केला. त्याखाली प्रथम येणाऱ्या बाजारांत धुळ्याचा समावेश होता. आकार ठरीव झाले, फलकावर लागले आणि बाजार-समितीवर शेतकरी बसू लागला. धर्मादायाच्या नावाने घेतलेला पैसा कोणत्या धर्माला जातो, हा प्रश्न तेव्हापासून विचारता येऊ लागला.

कर परक्या वस्तूवर असला तरी त्याचा आघात आपल्या वावरावर होऊ शकतो, हे 1933 साली प्रत्ययास आले. हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावरील आयात-जकात जूनमध्ये शेकडा पंच्याहत्तरपर्यंत वाढविली. जपानी गिरण्यांनी त्याला उत्तर म्हणून हिंदी कापूस घेणेच थांबविले, आणि अखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक एकाएकी दूर गेले. 1934 च्या करारात जपानने दहा लाख गठाणी घेतल्या तर 325 दशलक्ष वार कापड येऊ द्यावे, असा सरळ सौदा झाला. गिरणीला मिळालेल्या संरक्षणाचे मोल या कराराने कापसाच्या गठाणींत मोजून दाखविले.

कापसाप्रमाणे लोकरीवरही उपकर बसला; तिची कथा याहून लहान आहे, पण तिचे सूत्र हेच आहे. 1940 च्या कृषि-उत्पन्न उपकर कायद्याने निर्यातीच्या मालावर मूल्याच्या शेकडा अर्धा टक्का आकार घेऊन तो कृषि-संशोधनाला देण्याची व्यवस्था झाली. त्या यादीत कच्ची लोकरही होती. साक्री तालुक्यातील ठेलारी धनगरांच्या मेंढ्यांची लोकर जाड आणि रांठ असते. ती घोंगडीच्या कामी येते. बंदराशी तिचा संबंध नाममात्रच. धनगराच्या खिशाला उपकरापेक्षा चराईची फी अधिक जाचली. कापणीची मजुरी लोकरीच्या किमतीला भिडली की कोणतीही माफी त्याच्या उपयोगी पडत नाही.

स्वातंत्र्यानंतर रूपे बदलली. महाराष्ट्रात 1972 मध्ये कापूस-एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि भांडवल-उभारणी निधीच्या नावाने शेतकऱ्याच्या किमतीतून कपात होऊ लागली. निदान तिचा उल्लेख त्याच्या हिशेबात तरी होता. 2010 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने कच्च्या कापसाच्या निर्यातीवर टनामागे 2,500 रुपये कर बसविला आणि थोड्याच दिवसांत निर्यातीची नोंदणीच थांबविली. तीन क्विंटल कापसापासून साधारण एक क्विंटल रुई मिळते. तेव्हा क्विंटलभर रुईवरील अडीचशे रुपयांचा हा कर पूर्णपणे मागे ढकलला गेला, तर क्विंटलभर कापसामागे सुमारे त्र्याऐंशी रुपये पडतात. रावेर-चोपड्याच्या शेतकऱ्याने तो कर भरल्याचे कोणत्याही कागदावर दिसणार नाही.

म्हणून आकारांचा विचार करताना त्यांचा दर आणि वसुलीची जागा एवढ्यावरच थांबून चालत नाही. राहदारीपासून निर्यात-करापर्यंत भार शेवटी एकाच माणसावर उतरला. फरक पडला तो त्या पैशाचा हिशेब कोण ठेवतो आणि त्यात उत्पादकाला विचारण्याचा हक्क आहे की नाही, यामुळे. कापूस-उपकराचे दोन आणे खानदेशाने फारसे न कुरकुरता दिले, कारण त्यांचे बियाणे परत आले. जे आकार असे परत आले नाहीत, ते माफ झाल्यानंतरही येथल्या शेतकऱ्याच्या मनात सरकार आणि बाजार या दोहोंविषयी अविश्वास मागे ठेवून गेले, आणि तो अविश्वास निवारणे ही कोणत्याही नव्या उपकराची पहिली अट आहे.