काळ्या पडद्यामागचे पोटॅशियम

१/ दृष्टिपटलाच्या पाठीशी काळसर पेशींचा एक थर असतो. त्याची जाडी अवघी एका पेशीची. कॅमेऱ्याच्या पेटीला आतून दिलेल्या काळ्या रंगासारखा तो विखुरलेला प्रकाश शोषतो. मात्र त्याचे दुसरे, अदृश्य कार्य उलगडण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली.

२/ १८४९. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु बॉय-रेमाँ यांना माशाच्या डोळ्याच्या पुढील व मागील बाजूंत सूक्ष्म विद्युत्-दाब आढळला. १८६५ साली स्वीडनच्या फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी दाखवले, की बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश पडताच ही विद्युत् बदलते. पण तिचा उगम कोठे?

३/ १८७६ साली फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा तांबूस रंग उजेडात उडतो, हे नोंदवले. पाठोपाठ हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनं यांनी दाखवले, की काळ्या थरापासून सोललेल्या पटलाचा उडालेला रंग परतत नाही. ते पुन्हा त्या थरावर टेकवले, की परततो. म्हणजे हा थर निष्क्रिय नव्हता.

४/ १९०८ साली हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारे आइंथोव्हेन यांनी विल्यम जॉली यांच्यासह डोळ्याचा आलेख अभ्यासला. त्यातील तिसरा तरंग, ‘सी’, अतिशय संथ होता.

५/ १९५० च्या दशकात वेर्नर नोएल यांनी काळ्या थराला बाधणारे रसायन सशांना दिले, तेव्हा हाच तरंग नाहीसा झाला. १९७० साली स्टाइनबर्ग, श्मिट व ब्राउन यांनी मांजराच्या त्याच पेशींत सूक्ष्म विद्युत्-अग्र शिरवून तरंगाचा उगम प्रत्यक्ष गाठला.

६/ कारण १९७६ साली सापडले. ओकली व ग्रीन यांनी बेडकाच्या दृष्टिपटलातील पोटॅशियम मोजले. अंधारात प्रकाशग्राही पेशींतून पोटॅशियम पाझरत असते. उजेड पडताच ही गळती घटते, पण ते आत ओढणारे पंप चालूच राहतात. बाहेरील पोटॅशियम कमी होते आणि काळ्या पेशींचा विद्युत्-दाब बदलतो. हाच ‘सी’ तरंग!

७/ काळ्या पेशींच्या आवरणात केवळ पोटॅशियमला वाट देणाऱ्या प्रथिनांच्या वाहिन्या असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर देऊन हा थर भोवतालचा तोल सावरतो. त्यांतील प्रमुख वाहिनी ‘किर ७.१’ हिचा शोध १९९८ साली लागला.

८/ होल्मग्रेन यांच्या प्रयोगानंतर चारच वर्षांनी, १८६९ साली, थिओडोर लेबर यांनी बालकांच्या जन्मजात अंधत्वाचे वर्णन केले होते. त्याची कारणे अनेक निघाली. २०११ साली त्यांत एकाची भर पडली: आई व वडील या दोघांकडूनही ‘किर ७.१’चे सदोष जनुक येणे. माशाच्या डोळ्यात मोजलेल्या विद्युतेचा शोध असा त्या बालकांच्या डोळ्यांपर्यंत येऊन पोहोचला.