गाडीच्या खडखडीचा इतिहास : बंडीच्या चाकापासून पद्मिनीच्या दारापर्यंत

थ्रेड.

१. नागभीडहून मूलकडे जाणाऱ्या वाटेवर सिंदेवाही लागते. एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला ताडोबाच्या रानाची किनार. या भागात जुनी जीप वा जुनी मोटार दिसण्याआधी ऐकू येते. ही खडखड सामान्यतः म्हातारपणाचे लक्षण समजली जाते. तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, तर ती बरेच काही सांगते.

२. गाडी ज्या काळात घडली त्या काळातील माणसांपाशी कोणते साहित्य होते, बाजार खुला होता की बंद, एक वाहन किती वर्षे चालवावे लागे, हे सारे त्या आवाजात उमटलेले असते. आणि तो आवाज मिटवण्याचे तत्त्व शतकानुशतके जवळजवळ एकच राहिले आहे. प्रारंभ बैलबंडीपासून करावा लागतो.

३. चांद्याच्या जंगलातील सागवान प्रसिद्ध. आलापल्लीचे तर विशेष. पण लाकूड कितीही उत्तम असले तरी उन्हाळ्यात आटते. आटले की आऱ्या तुंब्यात सैल होतात आणि चाक कुरकुरू लागते. त्यावर दोन उपाय होते. पहिला म्हणजे चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. ती थंड होताना आकसते आणि सारे सांधे एकत्र आवळते. दुसरा म्हणजे चाक पाण्यात बुडवून ठेवणे, जेणेकरून लाकूड पुन्हा फुगावे.

४. आसाला तिसरा उपाय लागे : तेल आणि काजळी यांचे वंगण. येथे मूळ तत्त्व सापडते. दोन कठीण वस्तू एकमेकींवर घासल्या वा आदळल्या की आवाज होतो. तेव्हा एक तर त्यांना हलूच देऊ नये, नाही तर त्यांच्या मध्ये तिसरी मऊ वस्तू घालावी. पुढील शंभर वर्षांतील प्रत्येक उपाय या दोन वाक्यांत बसतो.

५. आरंभीच्या मोटारींची शरीरेही लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनत. रस्त्याच्या हादऱ्यांनी सांधे ढिले पडत आणि महागडी गाडीही बंडीसारखी कुरकुरे. १९२० च्या दशकात चार्ल्स वेमन या वैमानिकाने त्यावर विमानाच्या सांगाड्यावरून सुचलेला तोडगा काढला.

६. वेमनने लाकडाला लाकूड भिडूच दिले नाही. प्रत्येक सांध्यात पोलादी पट्ट्या घालून त्याने दोन लाकडांमध्ये बारीक फट ठेवली आणि वरून पत्र्याऐवजी कापडी आवरण ताणले. सांगाडा लवचीक राहिला, पण आवाज करीना. त्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात ही पद्धत गाजली. पुढे चकचकीत रंगाच्या पोलादी शरीरांनी तिला मागे टाकले.

७. पोलादाने लाकडाची कुरकुर संपवली आणि नवी अडचण निर्माण केली. पत्रा ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरतो. म्हणून पत्र्याच्या आतून डांबरी थर, नमदा आणि रबर बसवण्याची प्रथा रूढ झाली. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड; घोड्याच्या खोगिराखाली शतकानुशतके वापरलेले साहित्य आता मोटारीच्या दारात शिरले.

८. शांतता ही श्रीमंतीची खूणही ठरली. १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्वी यांनी रोल्स-रॉइससाठी केलेल्या जाहिरातीचा सारा भर यावर होता की ताशी साठ मैल वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज घड्याळाचा असतो. त्या सुमारास भारतात चित्र अगदी वेगळे होते.

९. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच सुमारास महिंद्रांनी जीप जोडणीस आरंभ केला. परदेशी कंपन्यांनी केवळ सुटे भाग आणून जोडणी करू नये, असे धोरण आल्यावर १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काढता पाय घेतला.

१०. बाजारात मोजकी नावे उरली. फियाट ११०० चे भारतीय रूप १९६४ मध्ये ‘डिलाइट’ म्हणून आले, पुढे ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली, शरीर जवळजवळ तेच राहिले. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, मागे कमानपाटे आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. नव्या गाडीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे.

११. प्रतीक्षायादी एवढी लांब, तेव्हा हातची गाडी टिकवणे भागच होते. जी गाडी अन्यत्र दहा वर्षांत मोडीत निघाली असती, ती येथे पंचवीस-तीस वर्षे चाले. त्यामुळे खडखड शोधणे ही गॅरेजमधील स्वतंत्र विद्या बनली. तिचे पाठ्यपुस्तक नव्हते. ती उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे कानांनी गेली.

१२. या विद्येचा पहिला धडा म्हणजे आवाजाला नाव देणे. ‘खडखड’ म्हणजे सैल वस्तू आदळते आहे. ‘किरकिर’ म्हणजे दोन पृष्ठभाग घासत आहेत. ‘भुणभुण’ म्हणजे एखादी पातळ वस्तू इंजिनाच्या कंपनाशी सूर जुळवून थरथरते आहे. मराठीतील हे नादशब्द म्हणजे निदानाची पहिली पायरीच.

१३. भुणभुण ठरावीक वेगालाच का येते? चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला १८०० फेरे असतील तर सेकंदाला ६० धक्के. एखाद्या पट्टीचे स्वतःचे कंपन तेवढेच असेल तर ती गाऊ लागते. वेग बदलला की गप्प होते. म्हणून जाणता कारागीर गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलून पाहतो. आवाज गेला तर मूळ इंजिनाच्या बाजूला, राहिला तर चाकांच्या वा रस्त्याच्या बाजूला.

१४. दुसरा धडा स्पर्शाचा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने डॅशबोर्ड, दाराचा पुठ्ठा, काच, सीटचा सांगाडा एकेक करून तळव्याने दाबत जायचे. जेथे हात ठेवल्यावर आवाज थांबतो, तेथे दोष. उभ्या गाडीवर मुठीने हलके ठोके देऊनही हेच साधते.

१५. तिसरा धडा वैद्यकातून आल्यासारखा वाटतो. १८१६ मध्ये फ्रेंच वैद्य लेनेक याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावणारा मिस्त्री तेच तत्त्व वापरतो : कठीण वस्तूमधून आवाज निवडून, थेट कानापर्यंत येतो.

१६. चौथा धडा खडूचा. दाराच्या रबराला खडू चोळायचा, दार लावायचे, उघडायचे. चौकटीवर जेथे पांढरी रेघ उमटली नाही, तेथे रबर टेकतच नाही. दार तेथे खडखडणार. मग बिजागरी आणि कुलपाचा खिट्टा हलवून जुळवून घेतात. ठोकाठोक हा शेवटचा उपाय.

१७. साहित्य घरगुती असे. काचेच्या नालीत नव्या नमद्याची पट्टी, पुठ्ठ्यामागे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्क्रूखाली रबरी वायसर, घासणाऱ्या कडांना मेण. जीपचे शरीर चासिसवर रबरी गाद्या घालून बोल्टांनी बसवलेले असते. त्या गाद्या दबल्या की सारी जीप खडखडते. तेथे बोल्ट कितीही आवळले तरी व्यर्थ. गादीच बदलावी लागते.

१८. चंद्रपूर-गडचिरोलीचे हवामान या कामाची कठोर परीक्षा घेते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, रबर वाळून कडक होते. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो. स्पंजाची चिंधी कोंबली तर ती पाणी धरते आणि मागच्या पत्र्याला आतून गंज चढतो. आज मिटलेली खडखड दोन पावसाळ्यांनंतर भोक होऊन समोर येते.

१९. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि आवाजाचे युग पालटले. पत्र्याच्या डॅशबोर्डची जागा प्लास्टिकने घेतली. प्लास्टिक तापले की पोलादाच्या कित्येक पट प्रसरण पावते. मीटरभर पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे दोन-अडीच मिलिमीटर वाढते. तेवढेच पोलाद अर्धा मिलिमीटरही नाही.

२०. जागा नसताना वाढलेली पट्टी अडते, सुटते, पुन्हा अडते. व्हायोलिनच्या तारेवर गज याच रीतीने सूर काढतो. म्हणून दुपारी किरकिरणारी गाडी पहाटे शांत असते. येथे जुन्या पिढीची आवळण्याची सवय घातक ठरली. स्क्रू अधिक आवळला की प्लास्टिक तडकते. उपाय पुन्हा बंडीचाच : मध्ये मऊ काहीतरी घालणे आणि हलायला थोडी जागा ठेवणे.

२१. या विद्येचे खरे मोल आरामात नव्हते. वर्कशॉप चाळीस किलोमीटरांवर आणि मध्ये रान असताना आवाज हीच आगाऊ सूचना असे. डॅशबोर्डमागची भुणभुण कधी पत्र्यावर घासणारी तार असते. तिचे आवरण झिजले की आग लागू शकते. चाकाचे नट ढिले पडल्याचा ठकठकाट आतल्या खडखडीत बुडून गेला तर जिवावर बेतते. आतले निरर्थक आवाज मिटवायचे ते बाहेरचे अर्थपूर्ण आवाज ऐकू यावेत म्हणून.

२२. ताडोबात हे सहज पटते. तेथे जिप्सी थांबते, इंजिन बंद होते आणि सारे कान चितळाच्या वा वानराच्या इशाऱ्याकडे लागतात. पुढे-मागे चारही चाकांवर कमानपाटे असलेली ही गाडी खाचखळग्यांवर कठोर चालते. तरी तिची निगा राखणाऱ्यांना ती सैल ठेवून चालत नाही.

२३. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात आज आवाज आणि कंपन मोजण्याच्या प्रयोगशाळा आहेत. विजेच्या गाड्यांनी त्या अभ्यासाला नवी निकड आणली. इंजिनाची घरघर गेल्यामुळे पूर्वी तिच्याआड लपणारी प्रत्येक बारीक किरकिर उघडी पडली.

२४. पद्मिनीचे उत्पादन नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. वर्तमानपत्रांनी गाडीला निरोप दिला. तिचे आवाज ओळखणाऱ्या कानांची नोंद मात्र फारशी कोणी घेतली नाही.

२५. यंत्रांच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे राहतात, यंत्र चालते ठेवणाऱ्यांची राहत नाहीत. सिंदेवाही, मूल, नागभीड, गडचिरोली येथील जुन्या गॅरेजांमध्ये ही विद्या जाणणारी माणसे अजून आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दप्तरखान्यांइतकेच तिकडेही जावे, वही उघडावी आणि कोणता आवाज कशाचा, एवढे लिहून घ्यावे. हे साधन कागदावर नसल्याने माणसाबरोबरच नाहीसे होते.

थ्रेड समाप्त.